खांबाआडची जागा

मराठीच्या प्राध्यापकाने फुटबॉलवर लिहावे, हे आमच्या घरात कोणालाच पसंत नाही. "तुम्ही आयुष्यात चेंडूला पाय कधी लावलात?" असे सौभाग्यवतींनी विचारले. खरे सांगायचे तर एकदा लावला होता. दादरला आमच्या चाळीच्या अंगणात मी तो टोलवला आणि तो थेट तळमजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर जाऊन बसला. माझी कारकीर्द तिथेच आटोपली. चिरंजिवांची तक्रार निराळी. त्यांच्या मते मी क्लबच चुकीचा निवडला. लिव्हरपूल शहरापर्यंत जायचे आणि लिव्हरपूलचे मैदान सोडून एव्हर्टनच्या दारात उभे राहायचे, हा त्यांच्या दृष्टीने शुद्ध वेडेपणा.

तरीही लिहितो आहे. कारण मला सांगायचे आहे ते एका बिऱ्हाड हलवण्याबद्दल, आणि त्या विषयात मुंबईच्या माणसाला कोणी अनधिकारी म्हणू नये.

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. ताईचा मुलगा लिव्हरपूलला एका इस्पितळात डॉक्टर आहे. "तो नीट जेवतो का, ते डोळ्यांनी बघून ये," अशी आज्ञा देऊन आणि बरोबर भाजणी, मेतकूट नि लोणच्याच्या दोन बरण्या बांधून ताईने मला विमानात बसवले. भाचा नीट जेवत होता. माझ्यापेक्षा बरा स्वयंपाक करत होता. तेव्हा माझे काम पहिल्याच दिवशी संपले आणि उरलेले दिवस मी रिकामा झालो.

भाचा राहतो वॉल्टन ह्या भागात. लाल विटांची, एकाला एक चिकटलेली, बुटकी घरे. आमच्या गिरणगावातल्या चाळी आडव्या निजवल्या तर साधारण तशाच दिसतील. ह्या घरांच्या मधोमध, पुढे पटांगण नाही, बाग नाही, अगदी फुटपाथला खेटून एक निळे धूड उभे आहे. ते गुडिसन पार्क. एव्हर्टन क्लबचे १८९२ पासूनचे घर. एका कोपऱ्याला सेंट ल्यूकचे चर्च इतके बिलगून उभे आहे की पाहुण्या माणसाला ते मैदानाचाच एक भाग वाटावे. आपल्याकडे देवळाच्या भिंतीला टेकून फुलवाल्याचे दुकान असते ना, तसे. फक्त इथे दुकान केवढे नि देऊळ केवढे, हे उलटे झालेले.

आणि मी पोहोचलो त्याच आठवड्यात हे घर सुटायचे होते. रविवारी, १८ मे रोजी, पुरुषांच्या संघाचा तिथला शेवटचा सामना होता.

भाच्याच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. जन्म १९५१ चा, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. भाचा त्यांना खुशाल नावाने हाक मारी. तिकडची रीतच ती. पण माझी जीभ वळेना, म्हणून मी त्यांना 'काका' म्हणू लागलो. भाच्याने त्यांना अर्थ समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, "चालेल. पुतण्या तुम्ही जरा थोराड आहात, एवढंच." ते मला 'प्रोफेसर' म्हणत. मी मराठी शिकवतो हे कळल्यावर त्यांनी मान हलवली आणि स्वतःच्या इंग्रजीबद्दल माफी मागितली. ती त्यांनी मागायला हवीच होती. मर्सी नदीकाठचे ते इंग्रजी आमच्या विद्यापीठात कोणी शिकवले नव्हते.

ह्या काकांनी मला जे ऐकवले, त्यात पहिली कथा भांडणाची. ती मला इतकी ओळखीची वाटली की मी मध्येच हसलो.

सेंट डोमिंगो ह्या मेथॉडिस्ट चर्चच्या पोरांनी १८७८ साली हा क्लब काढला. हिवाळ्यात क्रिकेट खेळता येत नाही, तेव्हा करायचे काय, हा प्रश्न. दुसऱ्या वर्षी त्याला एव्हर्टन हे नाव मिळाले. १८८४ पासून क्लब खेळू लागला तो अ‍ॅनफील्डच्या मैदानावर. होय, तेच अ‍ॅनफील्ड, जिथे आज लिव्हरपूल खेळते आणि ज्याचे चित्र आमच्या चिरंजिवांच्या टेबलावर डकवलेले आहे. १८९१ साली इंग्लंडच्या लीगचे अजिंक्यपद अ‍ॅनफील्डवर प्रथम आले ते एव्हर्टनने आणले. हे मी घरी परतल्यावर चिरंजिवांना सांगितले, तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मैदानाचे मालक होते जॉन होल्डिंग नावाचे दारू गाळणारे श्रीमंत गृहस्थ. राजकारणीही होते. क्लबला दिवस बरे येऊ लागले तसे भाडे वाढू लागले; शंभर पौंडांवरून अडीचशेच्या घरात गेले. शिवाय मैदानात पेये विकली जायची ती मालकांच्याच भट्टीची. सभासदांत चर्चवाले, दारूबंदीकडे कल असलेले पुष्कळ. त्यांचे पुढारी जॉर्ज मेहन हे तर चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे. घरमालक आणि भाडेकरू ह्यांचे पटेनासे झाले की काय होते, ते गिरगावातल्या माणसाला सांगायला नको. पण इथे भाडेकरूंनी खटला गुदरला नाही. ते उठले आणि गेले. स्टॅन्ले पार्क ह्या बागेच्या पलीकडे, मैलभराच्या आतच, त्यांनी एक ओसाड तुकडा घेतला, बॅक्स्टर नावाच्या डॉक्टरांनी एक हजार पौंड बिनव्याजी दिले, आणि २४ ऑगस्ट १८९२ रोजी गुडिसन पार्कचे उद्घाटन झाले.

मागे मालकांजवळ उरले ते रिकामे मैदान. दारे, बाके, गवत सगळे जागच्या जागी; फक्त खेळणारे नाहीत आणि बघणारे नाहीत. रिकाम्या मैदानाचे करायचे काय, म्हणून होल्डिंगसाहेबांनी नवा क्लब काढला. त्याचे नाव लिव्हरपूल. जगभर ज्याचा डंका वाजतो तो क्लब मुळात जागा रिकामी पडू नये म्हणून जन्माला आलेला आहे. ही हकीकत सांगताना काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले, ते आमच्या ताईच्या चेहऱ्यावर फक्त धाकट्या जावेचा चिवडा मऊ पडल्यावर दिसते.

पण मला वाटते, ह्याच कथेने १३३ वर्षांनी काकांना अडचणीत आणले. मैदान म्हणजे क्लब नव्हे, माणसे म्हणजे क्लब, हे ज्यांच्या पूर्वजांनी सिद्ध करून दाखवले, त्यांना मैदान सोडताना रडता येईना. "आम्ही तर निघून जाणारेच लोक," काका म्हणाले. पण म्हणताना बघत होते ते खिडकीबाहेर.

जायला हवे होते का? हवेच होते. ह्याबाबतीत मी भावनेच्या बाजूने उभा राहणार नाही. गुडिसन एके काळी इंग्लंडात पुढारलेले मैदान होते. १९३८ साली त्याच्या चारी बाजूंना दुमजली प्रेक्षागारे झाली. तेव्हा दुसऱ्या कोणाकडे तशी नव्हती. १९४८ मध्ये लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याला तिथे ७८,२९९ माणसे शिरली होती. पण ती उभी होती. १९८९ साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि लिव्हरपूलच्या ९७ प्रेक्षकांचा बळी गेला. त्या आठवड्यात ह्या शहरातल्या माणसांनी लाल आणि निळे स्कार्फ एकमेकांना बांधत गुडिसनपासून अ‍ॅनफील्डपर्यंत, बाग ओलांडून, सलग माळ नेली होती. एरवी एकमेकांचे तोंड न बघणारी ही दोन घरे! पुढे चौकशी झाली आणि मोठ्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला बसायला आसन हवे असा नियम आला. आसने घातली की माणसे मावत नाहीत. गुडिसनमध्ये शेवटी शेवटी मावत ती चाळीस हजारांना थोडी कमीच. वाढवावे म्हटले तर तिन्ही बाजूंना रस्ता नि घरे आणि कोपऱ्याला चर्च. त्यात आर्चिबाल्ड लीच ह्या स्कॉटिश वास्तुकाराच्या काळचे खांब. लोखंडाचे, छताला धरणारे, आणि नेमके गोल होताना डोळ्यांपुढे येणारे.

तेव्हा जागेचा शोध सुरू झाला. तो इतका लांबला की तेवढ्यात आमच्याकडे चार मुलींची लग्ने झाली असती. आधी शहराच्या मध्यभागी किंग्ज डॉकची जागा ठरली. क्लबला वाट्याचे पैसे उभे करता आले नाहीत नि २००३ मध्ये ते बारगळले. मग शहराच्या हद्दीबाहेर कर्कबी गाव निघाले. त्यावर सभासदांत उभी फूट पडली. क्लब शहराबाहेर नेता कामा नये म्हणून चळवळ झाली, आणि २००९ मध्ये सरकारनेच नकार दिला. मग वॉल्टन हॉल पार्क. ते २०१६ मध्ये सोडून दिले. शेवटी गोदी मिळाली. गुडिसनपासून दोन मैलांवर, नदीकाठी, ब्रॅम्ली-मूर डॉक.

इथे आपल्या मराठी वाचकाचे कान टवकारावेत. लिव्हरपूलच्या गोद्यांचे नि मुंबईचे नाते जुने आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस बंद झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांसाठी आपला कापूस लिव्हरपूलला जाऊ लागला. मुंबईत पैशांचा पूर आला. शेअरांचे वेड इतके बोकाळले की समुद्र हटवायच्या कंपन्या निघाल्या. युद्ध संपले नि १८६५ मध्ये सगळे कोसळले. ब्रॅम्ली-मूर गोदीचे स्वतःचे काम मुख्यतः कोळशाचे. जेसी हार्टली ह्या इंजिनिअरने ती बांधली आणि १८४८ मध्ये ती सुरू झाली. आगबोटी गेल्या, कोळसा गेला, आणि पाणी तेवढे साचून राहिले. ह्या पाण्यात आयरिश समुद्रातून उपसून आणलेली वाळू भरली आणि तिच्यावर स्टेडियम उभे केले. गोदीच्या भिंती खाली तशाच ठेवल्या आहेत. जुने पंपघर, दगडी कठडे, जहाजाचे दोर बांधायचे खुंट जपले आहेत. तरी युनेस्कोचे समाधान झाले नाही. लिव्हरपूलचा बंदरभाग २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत होता. नदीकाठच्या नव्या इमारती आणि त्यांत हे स्टेडियम, ह्या कारणांवरून २०२१ मध्ये तो यादीतून काढला गेला. मला विचाराल तर ज्या गोदीला उंच भिंत घालून पिढ्यान्पिढ्या शहराच्या माणसालाच आत येऊ दिले नाही, तिचे पाणी नुसते साचवून वारसा कसा टिकतो, हे मला उमगत नाही. पण मी पडलो मराठीचा मास्तर.

किंमत मात्र जबर पडली. खर्च पाऊण अब्ज पौंडांच्या पलीकडे गेला. क्लब कर्जात आला, आणि आर्थिक नियम मोडल्याबद्दल २०२३-२४ च्या मोसमात त्याचे आठ गुण कापले गेले. त्या वादात स्टेडियमच्या कर्जावरच्या व्याजाचाही हिशेब होता. क्लब वरच्या विभागातून घसरण्याच्या बेतात आला होता. नवे घर बांधताना जुन्या घरात चूल पेटणे मुश्किल व्हावे, तशी गत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बांधकामावर एका तरुण कामगाराचा अपघातात मृत्यू झाला. तो स्वतः एव्हर्टनचाच होता. हे सांगताना काका थांबले आणि केटली भरायला उठले.

आता खांबाची गोष्ट.

काकांची जागा बुलन्स रोडच्या बाजूच्या जुन्या प्रेक्षागारात, एका खांबाच्या मागे होती. अशा जागेचे तिकीट जरा स्वस्त मिळते. खांब मधोमध येत असल्यामुळे काकांनी उजवीकडे झुकून बघायचे. आणि त्यांच्या डावीकडे बसणाऱ्या गृहस्थाने चेंडू दुसऱ्या टोकाला गेला की काकांच्या पाठीमागून डोकावायचे. एकाने झुकायचे तेव्हा दुसऱ्याने सरकायचे. ह्या रीतीने दोघांनी एकतीस वर्षे सामने पाहिले. "नाव काय त्यांचं?" मी विचारले.

"ठाऊक नाही," काका म्हणाले. "विचारायचं राहिलं. पहिल्या वर्षी विचारलं असतं तर शोभलं असतं. दहा वर्षांनी कसं विचारणार? त्याला वाटेल, एवढी वर्षं ह्याला माझं नावही माहीत नव्हतं!"

त्यांना त्या माणसाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठाऊक होती. मुलगी ऑस्ट्रेलियाला गेली तो मोसम ठाऊक होता. तो दुधाशिवाय चहा पितो हे ठाऊक होते. नव्या स्टेडियममध्ये जागा निवडायची ती आपापली पाळी येईल तशी. काकांची पाळी आली, त्यांनी निवडली. डावीकडच्याची पाळी केव्हा आली, त्याने कुठली घेतली, हे कळायला मार्ग नव्हता. शेवटच्या सामन्याला विचारीन, असे काकांनी ठरवले होते.

आणि दुसरी एक गोष्ट त्यांनी आदल्या रात्री सांगितली. त्यांचे वडील गुडिसनमध्येच आहेत. मला आधी वाटले, माझे इंग्रजी कमी पडले. पण ते खरेच होते. एव्हर्टनच्या भक्तांची रक्षा मैदानाच्या कडेला पुरू देण्याची क्लबची प्रथा होती. आठशेहून अधिक माणसांची रक्षा तिथे आहे. २००४ मध्ये जागाच उरली नाही म्हणून हे बंद करावे लागले. काकांच्या वडिलांनी १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाने पोर्तुगालवर तीन गोल चढवलेले आणि मग युसेबिओने एकट्याने चार मारलेले ह्याच मैदानावर पाहिले होते, पंधरा वर्षांच्या काकांचा हात धरून. डिक्सी डीन हे ह्या क्लबचे सर्वांत मोठे नाव. १९२७-२८ च्या एका मोसमात लीगमध्ये साठ गोल. ते १९८० मध्ये गुडिसनमध्येच, लिव्हरपूलविरुद्धचा सामना बघायला आले असताना वारले. "तसं मरण माझ्या बापाला हवं होतं," काका म्हणाले. "ते जमलं नाही. तो इस्पितळात गेला. मग निदान इथे आणला."

आपण अस्थी वाहत्या पाण्यात सोडतो, त्यामागची शहाणीव मला त्या रात्री प्रथमच कळली. नदी कोणी हलवत नाही.

गुडिसन पाडून तिथे घरे, दवाखाना वगैरे बांधायची योजना मंजूर झालेली होती. मग त्या आठशे जणांचे काय, हा प्रश्न कित्येक घरांत कुजबुजत होता. शेवटच्या सामन्याच्या काही दिवस आधी, मे महिन्यातच, नव्या मालकांनी जाहीर केले की मैदान पाडायचे नाही. एव्हर्टनचा महिलांचा संघ पुढच्या मोसमापासून तिथे खेळेल. ती बातमी आली त्या दिवशी काका म्हणे भाच्याचे दार ठोठावून नुसतेच उभे राहिले होते, बोलले काही नव्हते.

रविवारी आमच्याजवळ तिकिटे नव्हती. मिळणे शक्यच नव्हते. पण "मामा, तुम्ही चला तर खरं," म्हणत भाच्याने मला सकाळीच बाहेर काढले. सामना दुपारी बारा वाजता. गुडिसन रोड त्याच्या कितीतरी आधी माणसांनी भरून गेला होता. हजारो माणसे बिनतिकिटाची. आत जायचे नाही, काही दिसायचे नाही, तरी आलेली. निळा धूर, गाणी, खांद्यावर पोरे. एका बाईने नव्वदीच्या आसपासच्या सासऱ्यांना चाकांच्या खुर्चीतून आणले होते आणि ते भिंतीला तळहात लावून बसले होते. आषाढी एकादशीला मंडपापर्यंतही न पोहोचलेला वारकरी कळसाला हात जोडतो. मला दुसरी उपमा सुचली नाही.

काका आत गेले. आम्ही बाहेर. पहिला गोल झाला तेव्हा भिंतीच्या आतून अशी काही गर्जना आली की जमीन हादरली. भाच्याच्या फोनवर मात्र अजून चेंडू मैदानाच्या मध्यावरच होता. सगळा रस्ता आधी नाचला आणि मग गोल पाहिला. एव्हर्टनने साउदॅम्प्टनला २-० असे हरवले. दोन्ही गोल इलिमान एन्जाये ह्या सेनेगलच्या खेळाडूचे.

सामना संपल्यावर आत जुन्या खेळाडूंचा सोहळा चालला. काका बऱ्याच उशिरा बाहेर आले. मी नजरेनेच विचारले.

"आला नव्हता," ते म्हणाले. "त्याच्या जागेवर एक पोरगा होता. नातू असावा. मी विचारणार होतो. पण तो पोरगा पहिल्यापासून रडत होता हो. मग नाही विचारलं."

घरी परतताना तिघेही गप्प होतो. काहीतरी बोलायचे म्हणून मी माझ्या वडिलांची गोष्ट काढली. मुंबईलाही असेच झाले होते. ब्रेबर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. तिथे कसोटी सामने होत. तिकिटांच्या वाटणीवरून मुंबई क्रिकेट असोसिएशनशी वाद झाला, आणि शेषराव वानखेडे ह्यांच्या पुढाकाराने हाकेच्या अंतरावर नवे स्टेडियम उभे राहिले. १९७५ च्या जानेवारीत वेस्ट इंडिजविरुद्ध तिथली पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ केल्या. माझे वडील ती बघून आले आणि आईला म्हणाले, "बसायला सोय आहे. पण ब्रेबर्न ते ब्रेबर्न." पुढे मलाही बोट धरून ते वानखेडेवरच नेत. माझे जुने मैदान वानखेडे. त्यांचे ते अखेरपर्यंत 'नवं मैदान' होते. २००९ च्या डिसेंबरात श्रीलंकेच्या सामन्याच्या निमित्ताने ब्रेबर्नवर पुन्हा कसोटी आली. मी वडिलांना घेऊन गेलो. सेहवाग २९३ पर्यंत पोहोचला होता, सगळे उभे होते, आणि आमचे वडील पाठ फिरवून, पूर्वेकडच्या बाकांच्या रांगा मोजत होते. त्यांची जागा सापडली नाही. सेहवाग बाद झाला तो त्यांनी पाहिलाच नाही.

काका लक्ष देऊन ऐकत होते. "मग सवय झाली का त्यांना?" असे त्यांनी विचारले असावे, पण तेवढ्यात आमची गल्ली आली नि विषय राहिला.

मी मुंबईस परतलो. २४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या स्टेडियमवर एव्हर्टनचा पहिला लीग सामना झाला. तारीख तीच, १८९२ मधली. ब्रायटनला २-० असे हरवले, आणि पहिला गोल पुन्हा त्या एन्जायेचाच. सामना झाल्यावर दोन दिवसांनी भाच्याचा फोन आला. काका गेले होते. जागा उत्तम आहे, म्हणाले. नदीवरचा वारा येतो, सुमारे त्रेपन्न हजारांचा आवाज डोक्यावरून जातो, विटांच्या भिंतीत त्या जुन्या लीचच्या बांधकामाची तिरपी नक्षी काढली आहे ती ओळखू येते. खांब एकही नाही. कुठूनही सगळे मैदान स्वच्छ दिसते.

"मग तक्रार काय आहे?" मी म्हटले.

"तक्रार नाही, मामा. फक्त ते अजून उजवीकडे झुकून बघतात. बाजूच्या बाईंनी विचारलं म्हणे, बरं वाटत नाही का."

"आणि तो डावीकडचा?"

"मध्यंतरात शोधत होते. पण नाव नाही, काही नाही. चहाच्या रांगांतून फिरले. दुधाशिवाय चहा घेणारा दिसतो का बघत." भाचा थोडा वेळ थांबला. "त्यांनी तुम्हाला एक विचारायला सांगितलंय. तुमच्या वडिलांना नव्या मैदानाची सवय व्हायला किती दिवस लागले?"

सौभाग्यवती समोर करंज्यांच्या साच्याची पेटी शोधत होत्या. त्यांनी वर पाहिले. वडिलांचे शेवटचे आजारपण त्यांनीच काढले होते. त्या दिवसांत वडील अर्धवट झोपेत कुठल्या मैदानावर जायला निघत, ते त्यांना माझ्याहून जास्त माहीत.

"एक मोसम," मी म्हणालो. "सांग त्यांना. फार तर एक मोसम."